उलटा सेल आणि हृदयाचा ठोका

मोहोळ तालुक्यात रब्बी ज्वारीला रात्रीचे पाणी द्यायला जाणाऱ्या शेतकऱ्याच्या हातात दोन वस्तू हमखास असतात : एक खोरे आणि दुसरी विजेरी. आपण तिला ‘बॅटरी’च म्हणतो. अंधारात घाईघाईने सेल भरताना ते उलटे बसले, तर काय होईल? बल्बची जुनी विजेरी असेल, तर ती बहुधा तरीही पेटेल. आजकालची एल.ई.डी.ची विजेरी मात्र पेटणार नाही.

नववीच्या वर्गात विद्युतप्रवाहाचा पाठ चालू असताना मी हीच गोष्ट सांगत होतो. मागच्या बाकावरील एका विद्यार्थिनीने हात वर केला. “सर, माझ्या आजोबांना मागच्या महिन्यात सोलापूरला पेसमेकर बसवला. त्याच्या माहितीपत्रकात तारेच्या टोकापाशी वजा चिन्ह आहे. तिथे अधिक चिन्ह आलं तर आजोबांचं हृदय थांबेल का?”

वर्ग एकदम शांत झाला. प्रश्न नुसता पुस्तकी नव्हता. उत्तरही एका वाक्यात देण्यासारखे नव्हते. तेव्हा मी तिला म्हटले, “बाळ, याचे उत्तर आपण सगळे मिळून शोधू.” या लेखात तोच शोध मांडला आहे.

तीन साधने, तीन उत्तरे

प्रथम एक सोपा प्रयोग करा. विजेरीचे दोन सेल एकापुढे एक जोडा, म्हणजे ३ व्होल्ट मिळतील. त्यांना आळीपाळीने तीन वस्तू जोडा : विजेरीचा लहान बल्ब, खेळण्यातील मोटार आणि एक तांबडा एल.ई.डी. एल.ई.डी.बरोबर सुमारे १०० ओहमचा रोध जोडण्यास विसरू नका. प्रत्येक वस्तू एकदा सरळ व एकदा उलट जोडून पाहा.

बल्ब दोन्ही वेळा सारखाच पेटतो. त्याची तार फक्त तापते, आणि तापण्याला दिशा नसते. मोटार दोन्ही वेळा फिरते, पण उलट जोडली की उलट फिरते. एल.ई.डी. मात्र एकाच दिशेने पेटतो. दुसऱ्या दिशेने तो गप्प बसतो.

मग हृदय या तिघांपैकी कोणासारखे? उत्तर देण्यापूर्वी हृदयाची स्वतःची वीज कशी चालते ते पाहिले पाहिजे.

फटाक्यांची माळ आणि पेटती काडी

हृदयाचे वरचे दोन कप्पे म्हणजे अलिंद व खालचे दोन कप्पे म्हणजे निलय. जुन्या पाठ्यपुस्तकांत यांनाच कर्णिका व जवनिका अशी नावे होती. उजव्या अलिंदाच्या वरच्या भागात पेशींचा एक लहानसा पुंजका आहे. कीथ व फ्लॅक या शास्त्रज्ञांनी १९०७ साली त्याचे वर्णन केले. हा पुंजका मिनिटाला सुमारे ७० वेळा आपण होऊन विद्युतसंदेश निर्माण करतो. हा संदेश अलिंदांतून पसरतो, मधल्या एका गाठीत क्षणभर रेंगाळतो आणि मग ठरावीक वाटांनी निलयांत पोहोचतो. संदेश पोहोचला की स्नायू आकुंचन पावतो. यालाच आपण ठोका म्हणतो.

दिवाळीतील फटाक्यांची माळ आठवा. काडी एकाच टोकाला लावायची असते. पहिला फटाका दुसऱ्याला पेटवतो, दुसरा तिसऱ्याला. हृदयाच्या पेशींचेही तसेच आहे. एक पेशी उत्तेजित झाली की ती शेजारणीला उत्तेजित करते. फरक इतकाच, की फटाका एकदाच वाजतो, तर हृदयाची पेशी थोड्याच वेळात पुन्हा तयार होते.

आता समजा, काडी लावणारा पुंजका थकला किंवा मधली वाट तुटली. मग ठोके फार मंद पडतात. माणसाला चक्कर येते, शुद्ध हरपते, प्रसंगी प्राणही जातो. अशा वेळी बाहेरून काडी लावावी लागते. पेसमेकर हीच काडी. तो सगळ्या हृदयाला वीज पुरवीत नाही. तारेच्या टोकाजवळच्या थोड्याशा पेशी तेवढ्या पेटवितो. पुढचे काम माळ स्वतः करते.

प्रत्येक पेशी एक इवलासा सेल

ही काडी लावायला धन टोक चांगले की ऋण, हा आपला खरा प्रश्न. त्याचे उत्तर पेशीच्या पटलावर आहे.

निलयाची पेशी विश्रांतीत असताना तिच्या आत पोटॅशियमचे आयन फार, तर बाहेर सोडियमचे आयन फार असतात. पोटॅशियमचे थोडे धन आयन पटलातील वाटांतून बाहेर झिरपतात. त्यामुळे आतली बाजू ऋण व बाहेरची बाजू धन राहते. दोहोंमधील फरक सुमारे ९० मिलिव्होल्ट असतो. आतील बाजू ऋण असल्याने तो उणे ९० मिलिव्होल्ट असा लिहितात. म्हणजे प्रत्येक पेशी हा भारित झालेला एक इवलासा सेलच होय.

पटलात सोडियमसाठी खास दारे असतात. विश्रांतीत ती बंद असतात. पण पटलावरील फरक कमी होत होत साधारण उणे ७० ते उणे ६५ मिलिव्होल्टच्या आसपास आला, की ही दारे भराभर उघडतात. बाहेरचे सोडियम आयन आत घुसतात, आतली बाजू क्षणभर धन होते आणि पेशी पेटते. या मर्यादेला आपण उंबरठा म्हणू. उंबरठ्याच्या अलीकडे काहीच घडत नाही. उंबरठा ओलांडला की मागे फिरणे नाही.

आता या पेशीजवळ बाहेरून एक ऋण टोक आणून ठेवा. विद्युत अपघटनाच्या पाठात आपण त्याला ऋणाग्र म्हणतो. ऋणाग्र धन आयनांना आपल्याकडे ओढते. पटलाच्या बाहेरच्या बाजूचा धनभार कमी होतो. आतली बाजू आधीच ऋण. आता बाहेरचीही थोडी ऋण झाली. दोहोंमधील फरक घटला. उणे ९० वरून उणे ८०, उणे ७०, आणि दारे उघडली!

याच जागी धनाग्र ठेवले तर? बाहेरची धन बाजू आणखी धन होते. फरक वाढतो, उणे ९० चे उणे १०० होते. पेशी उंबरठ्यापासून आणखी दूर जाते. म्हणजे ऋणाग्र पेशीला दाराकडे ढकलते, तर धनाग्र तिला घरात मागे ओढते.

ही गोष्ट फार पूर्वीच ध्यानात आली होती. जर्मन शरीरशास्त्रज्ञ एडुआर्ड फ्ल्यूगर याने १८५९ साली मज्जातंतूंवरील प्रयोगांतून एक नियम मांडला : प्रवाह सुरू होताना उत्तेजना ऋणाग्रापाशी उगम पावते, आणि प्रवाह बंद होताना ती धनाग्रापाशी उगम पावते. नियमाच्या दुसऱ्या भागाकडे आपण पुन्हा येणारच आहोत.

बूटपॉलिशच्या डबीतून छातीत

विजेने हृदय चालविण्याची कल्पना जुनी आहे. स्कॉटलंडमधील मॅकविल्यम याने १८८९ साली असा उपाय सुचविला होता. अमेरिकेतील आल्बर्ट हायमन याने १९३२ साली हाताने किल्ली देऊन चालविण्याचे एक यंत्र वर्णिले. १९५२ साली बॉस्टनच्या पॉल झोल यांनी छातीवर बाहेरून इलेक्ट्रोड लावून रुग्णांची हृदये चालविली. पण त्यात छातीचे स्नायूही आखडत आणि रुग्णाला वेदना होत.

८ ऑक्टोबर १९५८ रोजी स्वीडनमधील स्टॉकहोम येथे शल्यविशारद ओके सेनिंग यांनी अभियंता रूने एल्मक्विस्ट यांनी बनविलेला पेसमेकर आर्ने लार्सन या रुग्णाच्या शरीरात बसविला. संपूर्ण यंत्र शरीराच्या आत बसविण्याची ही पहिलीच वेळ. यंत्राभोवती राळेचे आवरण ओतण्यासाठी साचा म्हणून बूटपॉलिशची डबी वापरली होती. ते पहिले यंत्र काही तासच चालले. लार्सन यांना पुढे एकामागून एक अशी पंचवीसहून अधिक यंत्रे बसवावी लागली. पण ते २००१ सालापर्यंत, म्हणजे ८६ वर्षांचे होईपर्यंत जगले.

यंत्रे सारखी बदलावी लागण्याचे एक मोठे कारण बॅटरी हे होते. पारा व जस्ताच्या त्या वेळच्या बॅटऱ्या लवकर संपत. १९७२ साली लिथियम-आयोडीनची बॅटरी पेसमेकरमध्ये आली आणि यंत्राचे आयुष्य पुष्कळ वाढले. तरीही बॅटरीतील ऊर्जा मोजकीच. ती जपून वापरावी लागते. इथेच ध्रुवतेचा, म्हणजे कोणते टोक ऋण व कोणते धन याचा, संबंध येतो.

टोक ऋण का?

विद्युतमंडल पूर्ण व्हायचे तर दोन टोके हवीतच. पेसमेकरमध्ये ती दोन प्रकारे ठेवता येतात. एकध्रुवी रचनेत हृदयातील तारेचे टोक हे ऋणाग्र, आणि गळपट्टीच्या हाडाखाली कातडीत बसविलेली यंत्राची धातूची पेटी हे धनाग्र. द्विध्रुवी रचनेत दोन्ही हृदयातच असतात : टोक हे ऋणाग्र, आणि त्याच्या थोडे मागे तारेवर बसविलेले कडे हे धनाग्र.

आता टाचणी आठवा. तिच्या टोपीवर अंगठ्याने दाब दिला तर अंगठ्याला इजा होत नाही. तोच जोर टोकाशी कागदातून आरपार जातो. जोर तोच, क्षेत्रफळ निराळे. विजेचेही तसेच. टोकाचे क्षेत्रफळ काही चौरस मिलिमीटर एवढेच, म्हणून तेथे प्रवाहाची दाटी होते. कडे त्याहून मोठे आणि पेटी तर फारच मोठी, म्हणून तेथे तोच प्रवाह विरळ होतो. जेथे पेशी पेटवायच्या तेथे लहान ऋणाग्र, आणि जेथे काही घडू द्यायचे नाही तेथे मोठे धनाग्र, अशी ही विभागणी आहे.

आणखी एक कारण तुमच्या प्रयोगशाळेतच दिसेल. मोरचुदाच्या द्रावणात तांब्याच्या दोन पट्ट्या ठेवून प्रवाह सोडला, की धनाग्राचे तांबे विरघळते. रक्त हेही क्षारांचे द्रावणच आहे. साध्या पोलादासारखा धातू लहान टोकाशी धनाग्र म्हणून ठेवला, तर तो झिजत जाईल. म्हणून टोक ऋण ठेवणे सोयीचे. शिवाय तेथे प्लॅटिनमसारखे न झिजणारे धातू वापरतात, आणि प्रत्येक स्पंदानंतर तितकाच विद्युतभार सावकाश उलट दिशेने परत नेतात.

एका डाळिंबाचा हिशेब

आता वही-पेन्सिल घ्या. समजा, पेसमेकर दर ठोक्याला २.५ व्होल्टचा स्पंद देतो, तो ०.४ मिलिसेकंद टिकतो आणि मार्गातील रोध ५०० ओहम आहे. ओहमच्या नियमाने प्रवाह २.५ ÷ ५०० = ०.००५ अँपिअर, म्हणजे ५ मिलिअँपिअर. ऊर्जा = व्होल्ट × अँपिअर × सेकंद = २.५ × ०.००५ × ०.०००४, म्हणजे ज्यूलचा दोन लाखावा भाग.

मिनिटाला ७० ठोके धरले तर दिवसाला १,००,८०० ठोके होतात. त्यांना लागणारी ऊर्जा सुमारे अर्धा ज्यूल. पाव किलोचे एक डाळिंब जमिनीवरून २० सेंटिमीटर उचलायला एवढीच ऊर्जा लागते! एका माणसाचा दिवसभराचा जीव एवढ्याशा ऊर्जेवर तोलला जातो. दहा वर्षांचा हिशेब सुमारे १,८४० ज्यूल होतो.

आता समजा, उत्तेजनेसाठी दुप्पट, म्हणजे ५ व्होल्ट लागले. व्होल्ट दुप्पट झाल्याने प्रवाहही दुप्पट झाला, म्हणून ऊर्जा चौपट झाली. दहा वर्षांचा हिशेब ७,३६० ज्यूलवर गेला. २.८ व्होल्टची आणि १ अँपिअर-तास क्षमतेची बॅटरी धरली, तर तिच्यात सुमारे १०,००० ज्यूल असतात, आणि त्यांतूनच यंत्राच्या इतर मंडलांचाही खर्च चालायचा असतो. म्हणजे उंबरठा वाढला की बॅटरी लवकर संपते, आणि यंत्र बदलण्यासाठी रुग्णाला पुन्हा शस्त्रक्रियेला सामोरे जावे लागते.

हा खर्च किती जड असतो हे आपल्याच राज्यातील एका उदाहरणावरून कळेल. अमेरिकेतील मृत व्यक्तींच्या शरीरातून नातेवाइकांच्या संमतीने काढलेले, बॅटरी पुरेशी शिल्लक असलेले पेसमेकर निर्जंतुक करून मुंबईच्या होली फॅमिली रुग्णालयात ५३ गरीब रुग्णांना बसविण्यात आले. त्याचा अहवाल २०१२ साली प्रसिद्ध झाला. नवे यंत्र ज्यांना परवडले नसते, त्यांना बॅटरीत उरलेल्या ऊर्जेने नवे आयुष्य दिले.

धनाग्राचे कोडे

इथवर वाचून तुम्ही म्हणाल, हृदय एल.ई.डी.सारखे आहे, ऋण टोकाने पेटते, धन टोकाने नाही. पण थांबा. प्रयोगांत असे आढळले, की धनाग्रानेही हृदय उत्तेजित होते! त्यासाठी बहुधा अधिक प्रवाह लागतो, एवढेच. धनाग्र जर पेशीला मागे ओढते, तर ती पेटते कशी?

एक उत्तर फ्ल्यूगरच्या नियमाच्या दुसऱ्या भागात होते : प्रवाह बंद होतानाची उत्तेजना. पण काही वेळा धनाग्राचा प्रवाह चालू होतानाच हृदय उत्तेजित होई. हे कोडे पुष्कळ वर्षे सुटले नाही.

त्याचे उत्तर स्नायूच्या धाग्यांत निघाले. लाकडाची ढलपी धाग्यांच्या दिशेने सहज निघते, आडवी निघत नाही. हृदयाच्या स्नायूतही धाग्यांच्या दिशेने वीज सहज वाहते, आडवी कष्टाने वाहते. आणि महत्त्वाची गोष्ट अशी, की हा उभ्या-आडव्यातील फरक पेशींच्या आत जितका आहे तितका पेशींच्या बाहेर नाही. त्यामुळे प्रवाह काही ठिकाणी पेशींत शिरतो आणि थोड्या अंतरावर पुन्हा बाहेर पडतो. अमेरिकेतील सेपुल्वेडा, रॉथ व विक्सवो यांनी १९८९ साली गणिताने दाखविले, की धनाग्राच्या थेट खाली पेशी मागे ओढल्या जात असल्या, तरी धाग्यांच्या दिशेने दोन्ही बाजूंना, एक-दोन मिलिमीटरवर, पेशी उंबरठ्याकडे ढकलल्या जातात. तेथे धातूचे कोणतेही टोक नसते, पण पेशींना जणू ऋणाग्र जवळ आल्यासारखे वाटते. या जागांना आभासी ऋणाग्र असे म्हणतात. १९९५ साली, पटलावरील विभवानुसार प्रकाश बदलणारा रंग हृदयाला लावून, हे आभासी ऋणाग्र प्रत्यक्ष पाहण्यात आले.

म्हणजे दोन्ही वेळा पेशी पेटते ती खऱ्या किंवा आभासी ऋणाग्रापाशीच. आभासी ऋणाग्राचा जोर कमी असतो, म्हणून धनाग्राने काम करून घ्यायला प्रवाह अधिक लागतो.

ही नुसती नवलाईची गोष्ट नाही. द्विध्रुवी तारेत स्पंद फार जोराचा ठेवला, तर टोकाबरोबर कड्यापाशीही उत्तेजना सुरू होऊ शकते. मग हृदय दोन ठिकाणांहून पेटते आणि विद्युतहृदालेखाचा, म्हणजे ई.सी.जी.चा आकार बदलतो. दुर्बल हृदयाच्या दोन्ही निलयांना एकाच वेळी चालविणाऱ्या यंत्रांत डॉक्टरांना याकडे मुद्दाम लक्ष द्यावे लागते. दुसरे असे, की ठोक्यानंतर पेशी पूर्ववत होत असताना अखेरच्या काही क्षणांत धनाग्र हे ऋणाग्रापेक्षाही कमी प्रवाहात उत्तेजना देऊ शकते. नेमका हाच काळ नाजूक असतो. अवेळी आलेली उत्तेजना ठोक्यांची लय बिघडवू शकते. म्हणून टोक ऋण ठेवण्यात काटकसर आहे, तशी सुरक्षितताही आहे.

त्या विद्यार्थिनीला उत्तर

तर मग हृदय कोणासारखे? बल्बसारखे नाही, कारण त्याला दिशेने फरक पडतो. मोटारीसारखे नाही, कारण ते उलट चालत नाही. एल.ई.डी.सारखेही नाही, कारण उलट दिशेनेही ते पेटते. दोन्ही दिशांनी पेटते, पण निराळ्या जागी आणि निराळ्या किमतीत, असे हृदय हे चौथेच साधन आहे.

त्या विद्यार्थिनीला मी म्हटले, “टोक धन झाले म्हणून आजोबांचे हृदय लगेच थांबेलच असे नाही. पण तेवढ्याच जोराचा स्पंद मग कमी पडू शकेल, आणि ठोका चुकू शकेल. तसे होऊ नये म्हणूनच ते वजा चिन्ह आहे. शिवाय तार यंत्रात एकाच पद्धतीने बसते, आणि बसविताना व नंतरच्या प्रत्येक तपासणीत डॉक्टर उंबरठा मोजून पाहतात. तेव्हा आजोबांना तपासणीची तारीख मात्र चुकवू देऊ नकोस.” ती हसली आणि तारीख वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवली.

एक सूचना : या लेखातील प्रयोग सेल, बल्ब, मोटार व एल.ई.डी. यांच्यावरच करावेत. स्वतःच्या, दुसऱ्याच्या किंवा कोणत्याही प्राण्याच्या शरीराला तारा लावू नयेत. हृदयाला पेटवायला किती थोडी वीज पुरते, हे आता तुम्हांला माहीत आहेच.

विचार करा

१. स्पंदाचा कालावधी ०.४ ऐवजी ०.८ मिलिसेकंद केला, व्होल्ट मात्र २.५ च ठेवले, तर दिवसाची ऊर्जा किती होईल?

२. मार्गातील रोध ५०० ऐवजी १,००० ओहम असलेली तार वापरली, तर बॅटरी अधिक टिकेल की कमी?

३. एकध्रुवी रचनेत पेटीचा आकार टोकाएवढाच लहान केला, तर रुग्णाला छातीत काय जाणवेल?